बायपास चालू असताना मेंदूवर कॉम्प्युटरची नजर: अभ्यासात भाग घ्यावा का?

तळ्यातमळ्यात:
नमस्कार मंडळी. बाबांचं (वय ६८, जुना मधुमेह, बीपी) पुढच्या आठवड्यात पुण्यात ऑपरेशन ठरलंय. बायपासचे तीन ग्राफ्ट आणि सोबत एओर्टिक व्हॉल्व्ह बदलणं. सर्जन, इन्शुरन्स, रक्त वगैरे सगळं मार्गी लागलंय, त्याबद्दल विचारत नाहीये.
काल भूलतज्ज्ञांची तपासणी झाल्यावर एक मुलगी फाइल घेऊन आली. म्हणाली आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे, ऑपरेशनच्या वेळी कपाळावर दोन पट्ट्या लावतो, कॉम्प्युटर पूर्ण वेळ मेंदूतल्या ऑक्सिजनचे आणि बीपीचे आकडे साठवतो, आणि आधी व नंतर स्मरणशक्तीच्या चाचण्या घेतो. तुमची हरकत नसेल तर सही करा. बाबा "करून टाक" म्हणाले, आई म्हणते हृदयाचं ऑपरेशन आहे तर मेंदूचं काय मध्येच, काहीतरी लपवतायत हे लोक. मी आपला नावाप्रमाणे.
प्रश्न दोन. एक, हृदयाच्या ऑपरेशनने मेंदूवर खरंच काही होतं का? दोन, हे असलं मॉनिटरिंग लावून पेशंटला काही फायदा, की आपण नुसते गिनिपिग?

हिंगाष्टक:
आमच्या सासऱ्यांना बायपास न करताच विसरायला होतं. विशेषतः उसने घेतलेले.

कोल्हापुरी_ठसका:
सही करू नका. बिलात एक ओळ वाढवायचे धंदे आहेत सगळे. माझ्या चुलत्यांच्या एस्टिमेटमध्ये "सेरेब्रल सेन्सर" म्हणून काही हजार लावले होते, विचारलं कशासाठी तर म्हणे सेफ्टीसाठी. सेफ्टी पाहिजे म्हणूनच तर तुमच्याकडे आलोय ना बाबा.

आजीबाईंचा_बटवा:
आमच्या घरचा अनुभव सांगते. ह्यांची बायपास झाली तेव्हा हे आमच्या सोसायटीचे खजिनदार होते. हृदय एकदम मस्त, टूडी-इको छान, डॉक्टर खूश. पण घरी आल्यावर हे पूर्वीचे हे नव्हेतच. मेंटेनन्सच्या पावत्यांची बेरीज तीनतीनदा करायचे आणि तीनदा वेगळी यायची, मग वही फेकून द्यायचे. कधी आवाज न चढवणारा माणूस, नातवाने टीव्हीचा आवाज वाढवला तर अंगावर धावून गेला. शब्दकोडं तर सोडूनच दिलं. मी डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले काकू मोठं ऑपरेशन झालंय, विश्रांती द्या. चार-सहा महिन्यांनी हळूहळू गाडी रुळावर आली. पण कुणीतरी आधी सांगितलं असतं ना, की असं होऊ शकतं, तर मी रात्र रात्र रडले नसते. तेव्हा कुणी विचारायला येतंय, चाचणी घेतंय, तर घेऊ द्या असं माझं मत.

भूलथाप:
मी हृदयशस्त्रक्रियेचाच भूलतज्ज्ञ आहे (नाव वाचून घाबरू नका, कॉलेजात पडलेलं आहे), नागपूरकडे काम करतो. आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं.
व्हॉल्व्ह बदलायचाय म्हणजे हृदय थांबवावं लागणार, म्हणजे हार्ट-लंग मशीन, आमच्या भाषेत पंप. त्या वेळात मेंदूला रक्त मशीन पुरवतं. त्यात तीन गोष्टी होऊ शकतात. महाधमनीच्या आतला चुना किंवा चरबीचा कण सुटून वर जाणं, बारीक हवेचे बुडबुडे जाणं, आणि रक्ताचा दाब किंवा प्रवाह त्या माणसाच्या मेंदूला अपुरा पडणं. शिवाय पंपाच्या नळ्यांना रक्त लागलं की शरीरात सूज येते ती वेगळीच. स्पष्ट पक्षाघात होण्याचं प्रमाण थोडं आहे, पण नंतर काही दिवस भ्रम होणं, आणि काही आठवडे लक्ष न लागणं, आकडेमोड जड जाणं हे बऱ्यापैकी दिसतं. बटवाकाकूंनी लिहिलंय ते अगदी टिपिकल आहे. यात लपवण्यासारखं काही नाही, पण ओपीडीत सांगितलं जात नाही हे खरं.
आता पट्टी. ती नियर इन्फ्रारेड प्रकाश टाकते, तो कवटीतून आत जाऊन परत येतो आणि त्यावरून पट्टीखालच्या मेंदूतल्या रक्तात ऑक्सिजन किती उरलाय त्याचा टक्का काढते. ही कल्पना १९७७ मध्ये फ्रान्स योब्सिस या संशोधकाने मांडली. बोटाला चिमटा लावतात त्या पल्स ऑक्सिमीटरला नाडी लागते. पंपावर नाडीच नसते, सरळ सपाट प्रवाह असतो, तिथे तो चिमटा आंधळा. कपाळावरच्या पट्टीला नाडी लागत नाही. म्हणून ती आमच्या कामाची.
एक उदाहरण देतो. पंप सुरू झाला, मीन (सरासरी) बीपी ६५, फ्लो पूर्ण, ब्लड गॅस छान, सगळं आलबेल. आणि पट्टीचे आकडे दोन्हीकडे ६७ वरून घसरत ५० वर. मानेच्या लाइनवरचा शिरेचा दाब बघितला तर तो वर चढलेला. डोक्यातून रक्त खाली येत नव्हतं, शिरेतली कॅन्युला (मशीनकडे रक्त नेणारी नळी) तोंडाशी दाबली गेली होती. सर्जनने ती जरा मागे घेतली आणि आकडे वर आले. पट्टी नसती तर ऑपरेशन संपेपर्यंत कुणाला कळलं नसतं, चेहरा सुजलेला दिसला असता तेवढंच.

कोल्हापुरी_ठसका:
@भूलथाप, म्हणजे पट्टीने मेंदू वाचतो असं सिद्ध झालंय का? हो का नाही तेवढं सांगा. किस्से आमच्याकडेपण आहेत.

भूलथाप:
नाही. पट्टी लावल्याने नंतर स्मरणशक्ती चांगली राहते असं ठामपणे दाखवणारा पुरावा नाही. २००७ मध्ये कॅनडात २०० बायपास पेशंटांवर चाचणी झाली, त्यात आकडा पडला की ठरलेल्या क्रमाने उपाय करायचे, डोकं सरळ आहे का बघा, दाब वाढवा, कार्बन डायऑक्साइड बघा, हिमोग्लोबिन बघा, असे. तिथे मोठ्या अवयवांच्या गंभीर तक्रारी कमी झाल्या. मेंदूच्या बाबतीत मात्र चित्र अजून धूसर. आणि पट्टीला दिसतं फक्त कपाळामागचं. मागच्या बाजूला काही झालं तर तिला पत्ता नाही. ९०च्या दशकात एका अभ्यासात मृत व्यक्तींच्या कपाळावर लावून बघितली होती, तिथेही आकडा आला!

हिंगाष्टक:
म्हणजे आमच्या साहेबांना लावायला हरकत नाही. काहीतरी आकडा येईल.

साताऱ्याचा_कंदी:
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

पंपवाली:
मी परफ्युजनिस्ट. म्हणजे ते मशीन चालवणारी. आमचं नाव कुणाच्या डिस्चार्ज कार्डावर येत नाही त्यामुळे या धाग्यावर हजेरी लावून घेते.
बुडबुड्यांबद्दल थोडं. कानाजवळच्या पातळ हाडातून डॉपलर (अल्ट्रासाउंडने रक्ताचा प्रवाह ऐकायचं यंत्र) लावला की मेंदूच्या मधल्या धमनीतला प्रवाह ऐकू येतो, आणि एखादा कण किंवा बुडबुडा गेला की चिवचिवल्यासारखा आवाज येतो. हे तंत्र ऑसलिड यांनी १९८२ मध्ये आणलं. आमच्याकडे एका अभ्यासासाठी काही दिवस ते लावलेलं होतं. महाधमनीत कॅन्युला घालताना आणि तिला लावलेला क्लॅम्प (चिमटा) काढताना चिवचिव वाढते हे पुस्तकात वाचलेलं, अपेक्षितच होतं. पण मी रिझर्व्हॉयरमध्ये (मशीनची रक्ताची टाकी) औषधाची सिरिंज रिकामी केली की पण चिवचिव! सिरिंजच्या तोंडाशी असलेली एवढीशी हवा. टोरांटोच्या लोकांनी २००१ सालीच हे छापलं होतं, की परफ्युजनिस्टने औषध दिलं, सँपल घेतलं की बुडबुडे जातात. वाचणं वेगळं आणि स्वतःच्या हाताचा आवाज कानाने ऐकणं वेगळं. तेव्हापासून आमच्या टीममध्ये सिरिंजमधली हवा काढल्याशिवाय कुणी हात लावत नाही, औषध सावकाश द्यायचं, रिझर्व्हॉयरची पातळी खाली जाऊ द्यायची नाही.
अभ्यासाने त्या दिवशीच्या पेशंटला काय मिळालं माहीत नाही, पुढच्यांना मिळालं.
आणि हो, पेशंटला परत गरम करतानाची घाई. थंड केलेलं रक्त भराभर तापवलं तर मेंदूचं तापमान आपल्याला दिसतं त्यापेक्षा जास्त चढतं. म्हणून ऑक्सिजनेटरमधून (रक्तात ऑक्सिजन मिसळणारा मशीनचा भाग) बाहेर पडणारं रक्त ३७ च्या वर जाऊ द्यायचं नाही असा नियम आहे. सर्जन घड्याळ बघत असतात, आम्ही तापमान बघतो, आणि त्यावरून जे संवाद होतात ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

साताऱ्याचा_कंदी:
लिहा लिहा. वेगळा धागा काढा.

पंचकार्ड:
वाचनखूण साठवली. पंपवाली ताईंना दंडवत.
मी आयुष्य कॉम्प्युटरात घालवलं (पंचकार्डापासून, आयडीत आलंच), त्यामुळे थोडा इतिहास. लोकांना वाटतं कॉम्प्युटर ऑपरेशन थिएटरमध्ये अलीकडे आला. पहिलं यशस्वी हार्ट-लंग मशीन जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ ला फिलाडेल्फियात वापरलं, १८ वर्षांची मुलगी, हृदयातलं छिद्र, २६ मिनिटं ती पूर्णपणे मशीनवर होती. ते मशीन बांधायला मदत केली आयबीएमच्या इंजिनिअरांनी! कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांनी पैसे आणि माणसं दोन्ही दिली. म्हणजे पंप आणि कॉम्प्युटर यांचं गोत्र एकच.
पुढे जॉन कर्कलिन. त्यांनी १९५५ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये गिबन पद्धतीचं मशीन सुधारून ऑपरेशनं सुरू केली, मग अलाबामातल्या बर्मिंगहॅमला गेले आणि १९६७ च्या सुमारास तिथल्या आयसीयूत कॉम्प्युटर बसवला. हृदयाच्या डाव्या कप्प्याचा दाब बघून रक्त किती द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवायचा आणि रक्त देणारा वेगळा पंप चालवून द्यायचाही. १९६७! आपल्याकडे तेव्हा घरी फोन लागायला वर्षं लागायची. त्याच सुमारास लंडनमध्ये मेनार्ड आणि प्रायर यांनी सेरेब्रल फंक्शन मॉनिटर काढला, ईईजीची (मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या आलेखाची) सोळा पेनांची गिचमिड एका पट्ट्यात दाबून हळू कागदावर काढणारा. तो पुढे हृदयाच्या ऑपरेशनांतही वापरला गेला. आता त्याचा मोठा वापर नवजात बाळांच्या आयसीयूत होतो.

परळकर:
आमच्या केईएमला विसरू नका. डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण तिथेच केलं. पेशंट काही तासच जगला पण दक्षिण आफ्रिकेतल्या पहिल्या प्रत्यारोपणानंतर अडीच महिन्यांत आपण तिथे होतो.

तळ्यातमळ्यात:
सगळ्यांचे आभार. इतकं छान लिहिताय की प्रश्न विसरायला झाला. आईला पंपवाली ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला, ती म्हणाली "बघ, हवा जाते म्हणतेय ती बाई". उलटाच परिणाम झाला.

पंपवाली:
अरे देवा. आईंना सांगा की रक्ताच्या नळीवर बारीक जाळीचा फिल्टर असतो, साधारण ४० मायक्रॉनचा. लंडनच्या एका गटाने १९९४ मध्ये १०० पेशंटांत दाखवलं की फिल्टर लावला की चिवचिव कमी होते आणि नंतरच्या चाचण्यांत घसरणही कमी. आता तो लावतातच. हे असले अभ्यास झाले म्हणूनच.

कोल्हापुरी_ठसका:
मग ड्यूक विद्यापीठाच्या २००१ च्या अभ्यासाचं काय? नेटवर सगळीकडे आहे. २६१ बायपास पेशंट, डिस्चार्जच्या वेळी ५३ टक्के लोकांची बुद्धी घसरलेली, सहा महिन्यांनी २४ टक्के, आणि पाच वर्षांनी परत ४२ टक्के. पंपाने मेंदू खलास होतो हे सरळ आहे. म्हणून बीटिंग हार्ट करा म्हणतात, पंपच नको.

मनकवडा:
इतके दिवस वाचनमात्र होतो पण आता राहवत नाही. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, याच प्रकारच्या चाचण्या घेतो.
ठसकाभाऊ, आकडे बरोबर आहेत तुमचे. पण त्या अभ्यासात तुलनेला दुसरा गट नव्हता. ६०-६५ वर्षांचा, मधुमेह असलेला, रक्तवाहिन्या तुंबलेला माणूस पाच वर्षांनी तपासला तर ऑपरेशन न करताही त्याची स्मरणशक्ती थोडी खाली येणारच. जॉन्स हॉपकिन्सच्या सेल्नेस वगैरे मंडळींनी मग हेच केलं, बायपास झालेले लोक आणि तसाच हृदयविकार असून ऑपरेशन न झालेले लोक, दोघांना वर्षानुवर्षं तपासलं. उशिराची घसरण दोन्हीकडे सारखीच. आणि बीटिंग हार्टचं म्हणाल तर नेदरलँड्समध्ये ऑक्टोपस नावाची चाचणी झाली, चिठ्ठ्या टाकून कुणाला पंप कुणाला बिनपंप. पाच वर्षांनी घसरण दोन्ही गटांत ५०.४ टक्के. दशांश चिन्हासकट सारखी! पंपाचं पाप जेवढं सांगतात तेवढं नाही. बरंचसं खातं मधुमेह, बीपी आणि वय यांच्या नावावर आहे.
सुरुवातीचे काही आठवडे मात्र वेगळे. तिथे ऑपरेशनचा हात आहे हे कुणी नाकारत नाही.

कोल्हापुरी_ठसका:
५०.४ दोन्हीकडे? मग निम्म्या लोकांची घसरण म्हणजे किती? आडनाव विसरले की बायकोला ओळखेना?

मनकवडा:
चांगला प्रश्न, आणि इथेच सगळी गोम आहे. घसरण म्हणजे कागदावरची. प्रत्येक गट वेगळी व्याख्या करतो, कुणी म्हणतं पाचपैकी एका चाचणीत २० टक्के खाली आलं की घसरण, कुणी दुसरंच काही. व्याख्या बदलली की टक्का बदलतो.
चाचणी कशी असते ते सांगतो म्हणजे कळेल. पंधरा शब्द वाचून दाखवतात, "ढोल, पडदा, घंटा..." असे साधे शब्द. लगेच परत सांगायचे. असं पाच वेळा. मग मध्ये दुसरी यादी, आणि साधारण अर्ध्या तासाने परत पहिली यादी आठवायची. दुसऱ्या एका चाचणीत कागदावर विखुरलेले आकडे आणि अक्षरं आळीपाळीने जोडायची, १-अ-२-ब, वेळ लावून. एकीत छोट्या खुंट्या भोकांत बसवायच्या. आकडे उलटे म्हणायचे. आता गंमत अशी की माणूस दुसऱ्यांदा चाचणी देताना सरावानेच चांगला करतो. म्हणजे "तेवढेच मार्क पडले" ही सुद्धा कधीकधी घसरण असते. म्हणून आधीची चाचणी पाहिजेच. आधीची नसेल तर नंतर कुणी कितीही हुशार येऊ दे, सांगू शकत नाही हा माणूस मुळात कसा होता.
बटवाकाकू, तुम्ही लिहिलेली चिडचिड आणि कशातच रस नसणं, त्यात नैराश्याचाही भाग असू शकतो. बायपासनंतर ते बऱ्याच जणांना येतं आणि त्याने चाचण्यांचे मार्कही पडतात.

आजीबाईंचा_बटवा:
हो, नंतर एका डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. गोळी सुरू केल्यावर फरक पडला. आता परत शब्दकोडी सोडवतात, आणि खजिनदार दुसरा झाला याचा राग अजून आहे. तो मेंदूचा नाही, स्वभावाचा.

शून्यप्रहर:
मेरीलँडमधून लिहितोय, डेटा इंजिनिअर, वैद्यकीय उपकरणांच्या डेटावर काम करतो. मूळ धागाकर्त्यांनी लिहिलंय की कॉम्प्युटर मेंदूतला ऑक्सिजन आणि बीपी दोन्ही साठवतो. दोन्ही एकत्र का, यात खरी मजा आहे.
मेंदूला एक खुबी असते. बीपी थोडं वरखाली झालं तरी तो आपल्या रक्तवाहिन्या आवळून-सैलावून रक्ताचा पुरवठा सारखा ठेवतो. सोसायटीच्या टाकीत पाणी कमी-जास्त झालं तरी तुमच्या नळाची धार तीच, तसं. पण टाकी फारच रिकामी झाली की धार टाकीप्रमाणे वरखाली व्हायला लागते. ती खालची मर्यादा प्रत्येकाची वेगळी. पंपावर मीन बीपी साधारण ५० ते ८० च्या पट्ट्यात ठेवतात, आणि ते ठेवलं की बरोबर असं मानलं जायचं. जॉन्स हॉपकिन्सच्या चार्ल्स होग यांच्या गटाने मोजून दाखवलं की कुणाची मर्यादा ४०च्या घरात असते आणि कुणाची थेट ९०च्या आसपास. म्हणजे एकाला जे बीपी भरपूर ते दुसऱ्याला उपासमार.
मोजलं कसं? केंब्रिज विद्यापीठात बनलेलं आयसीएम प्लस नावाचं सॉफ्टवेअर आहे. बीपी आणि मेंदूचा सिग्नल (डॉपलर किंवा पट्टी) दोन्ही सतत घ्यायचे, दर १० सेकंदांची सरासरी काढायची, आणि मागच्या ३०० सेकंदांत दोघं एकमेकांबरोबर किती चालतात त्याचा कोरिलेशन काढायचा. खिडकी पुढे सरकत राहते आणि आकडा सतत नवा होतो. आकडा शून्याजवळ म्हणजे मेंदू आपला आपण सांभाळतोय, एककडे जायला लागला म्हणजे बीपी हलेल तसा मेंदूही हलतोय, खुबी संपली. ०.४ च्या वर गेलं की धोका धरतात. गणित बारावीचं आहे, पण थिएटरमध्ये कॉटरी (विजेने रक्तस्राव थांबवायचं यंत्र) चालू झाली की सिग्नलमध्ये जो कचरा येतो तो साफ करायला माझ्यासारख्यांचे पगार जातात.

पंचकार्ड:
क्या बात है. आणि हे वापरून पेशंटला फायदा झाला का? नाहीतर परत ठसकाभाऊ येतील.

कोल्हापुरी_ठसका:
आलोच आहे. वाट बघतोय.

शून्यप्रहर:
थोडा झाला. होग यांच्या गटाचीच १९९ पेशंटांची चाचणी २०१९ मध्ये आली. एका गटाचं बीपी नेहमीप्रमाणे, दुसऱ्याचं त्या त्या माणसाच्या मर्यादेच्या वर. नंतरचा भ्रम नेहमीच्या गटात ५३ टक्के आणि दुसऱ्यात ३८ टक्के. एकाच ठिकाणचा अभ्यास आहे, पेशंट थोडे, त्यामुळे लगेच ढोल बडवायला नको. आणि भूल किती खोल आहे ते ईईजीवर बघून कमी-जास्त करायची, हा दुसरा लाडका उपाय. त्यात कॅनडातल्या चार हॉस्पिटलांनी हृदयाच्या ऑपरेशनच्याच अकराशेवर पेशंटांवर २०२४ मध्ये निकाल दिला. भ्रम दोन्ही गटांत १८ टक्के. काहीही फरक नाही.

भूलथाप:
तो निकाल आला तेव्हा आमच्या ग्रुपवर आठवडाभर काथ्याकूट चालू होता. तरी मी ईईजीची पट्टी लावतो. ० ते १०० चा आकडा असतो, ४० ते ६० मध्ये पेशंट गाढ झोपलेला. पंपावर औषध पातळ होतं, पेशंट जागा होण्याची भीती असते, ती तरी जाते.

कोल्हापुरी_ठसका:
म्हणजे एकंदरीत, एका यंत्राने होतं, दुसऱ्याने नाही, आणि पहिल्याचंही नक्की नाही. हेच तर मी पहिल्यापासून म्हणतोय.

भूलथाप:
@ठसका, तुमचं पैशाचं म्हणणं मान्य, अभ्यासासाठी लावलेल्या सेन्सरचे पैसे पेशंटकडून घेताच कामा नयेत. पण "नक्की नाही" म्हणून अभ्यास नको म्हणालात तर नक्की कधीच होणार नाही. आणि आपल्याकडचे आकडे तर फारच कमी. अमेरिकन पेशंटची सरासरी घेऊन मी विदर्भातल्या पन्नाशीच्या मधुमेही माणसाचं बीपी ठरवतोय.

अतिदक्ष:
मी हार्टच्या आयसीयूत सिस्टर आहे. यंत्राचं तुम्ही बोला, मी रात्री दोनचं बोलते.
भ्रम म्हणजे काय ते बघायचं असेल तर दुसऱ्या रात्री या. एक आजोबा होते, दिवसभर एकदम शहाणे, सगळ्या सिस्टरना बाळ बाळ करणारे. रात्री अडीचला उठून बसले आणि मला म्हणाले "कंडक्टर, अकलूजची गाडी लागली का?" मी म्हटलं आजोबा झोपा. तर म्हणे तिकीट काढलंय माझं, आणि छातीतल्या नळीला हात घातला. दोन वॉर्डबॉय धावले. ज्या सिस्टरने त्यांना बांधायला सांगितलं त्यांच्यावर ते जास्तच भडकले. मग लक्षात आलं की चष्मा आणि कानाचं मशीन नातेवाइकांनी घरी नेलंय, "हरवेल म्हणून". माणसाला दिसत नाही, ऐकू येत नाही, खिडकी नाही, रात्रंदिवस ट्यूबलाइट आणि पिकपिक आवाज. अकलूज स्टँडच वाटणार की. सकाळी मुलाने चष्मा आणून दिला, कानात मशीन घातलं, तारीख वार सांगितलं, दोन दिवसांत आजोबा परत बाळ बाळ करायला लागले.
तर @तळ्यातमळ्यात, अभ्यासाची सही करा नाहीतर नका करू, हे मात्र करा. चष्मा, कानाचं मशीन, कवळी आयसीयूत द्या. भेटीच्या वेळी रडू नका, आज वार काय, घरी कोण आलं, मॅच कोण जिंकलं ते सांगा. आणि ते काही वेड्यासारखं बोलले तर वाद घालू नका, सिस्टरला सांगा.

गप्पिष्ट:
+१ अतिदक्ष. माझ्या मामांनी आयसीयूत मला "तू कोण" विचारलं होतं. मी घाबरून बाहेर येऊन रडलो. तिसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणे मस्करी केली. अजून कळलेलं नाही खरं काय.

हिंगाष्टक:
मामा लोक असेच असतात.

मनकवडा:
धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे परत येऊ, गिनिपिगवाल्या. सही करण्याआधी विचारायच्या गोष्टी: हा अभ्यास नुसतं बघण्याचा आहे की आकड्यांप्रमाणे उपचार बदलणारा? नुसतं बघण्याचा असेल तर बाबांच्या ऑपरेशनमध्ये काही बदलणार नाही, फक्त नोंद होईल. पण मग हेही विचारा की आकडा धोक्याचा दिसला तर भूलतज्ज्ञांना सांगणार की स्क्रीन झाकलेली असणार? काही अभ्यासांत मुद्दाम झाकतात. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयचा (अशा अभ्यासांची भारतातली सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक माहितीपत्रकावर आहे का बघा. माहितीपत्रक मराठीत मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं, त्याने उपचारावर परिणाम होत नाही, हे लेखी असतं.

तळ्यातमळ्यात:
अपडेट. मनकवडा यांची यादी घेऊन गेलो होतो. अभ्यास नुसत्या नोंदीचा आहे, पण स्क्रीन झाकलेली नाही, भूलतज्ज्ञ बघणार आणि गरज पडली तर आपलं आपण करणार. सेन्सरचा खर्च अभ्यासाच्या पैशातून, तसं पत्रकात छापलंय (ठसकाभाऊ, हे खास तुमच्यासाठी वाचलं). मराठी पत्रक होतं, भाषा सरकारी होती पण होतं. आईने पूर्ण वाचलं आणि तिनेच बाबांना पेन दिलं.
आज चाचणी झाली. बाबा एसटीतून निवृत्त, टाइमटेबल तोंडपाठ असलेला माणूस. पंधरापैकी पहिल्या फेरीत सहा शब्द आले, याचा त्यांना इतका राग आला की पाचव्या फेरीत चौदा सांगितले, आणि पंधराव्यावरून त्या मुलीशी वाद घातला की तो तुम्ही वाचलाच नव्हता. आकडे-अक्षरं जोडताना "वेळ लावू नका, मी काय शर्यतीला आलोय का" म्हणाले. ती मुलगी हसत होती. तीन महिन्यांनी परत बोलावलंय, आतापासूनच तयारी करतो म्हणतायत.
@अतिदक्ष, एकच विचारायचं होतं. बाबांना कवळी आहे, वरची पूर्ण. ती ऑपरेशनला जाताना काढायला लावतात ना, मग आयसीयूत कुणाकडे द्यायची?

मनकवडा:
तयारी करू देऊ नका हो, आमचा डेटा खराब होतो.

अतिदक्ष:
श्वासाची नळी निघाली आणि पेशंट नीट जागा झाला की मग ड्यूटीवरच्या सिस्टरच्या हातात द्या. डब्यात घालून, डब्यावर मार्करने नाव आणि बेड नंबर लिहून. टिशू पेपरमध्ये गुंडाळून देऊ नका, जेवणाच्या ट्रेबरोबर जाते ती.